ग्वाल्हेरचा २७० आणि चिपची भाषा

ग्वाल्हेर म्हटले की मराठी वाचकाला आधी गायकी आठवते आणि मग शिंदे घराणे. गणिताच्या अभ्यासकांना मात्र हे शहर एका शिलालेखासाठी ठाऊक आहे. किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. त्यातील इ. स. ८७६ च्या लेखात देवस्थानाला दिलेल्या एका बागेची मापे नोंदविली आहेत : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. देवाला रोज वाहावयाच्या ५० हारांचाही त्यात उल्लेख आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील लहानसे वर्तुळाकार शून्य आजच्या वाचकालाही सहज ओळखता येते. तारखेनिशी उपलब्ध असलेल्या शून्याच्या जुन्या नोंदींत या लेखाची गणना होते ती त्यामुळेच.

याच शहरात १९९७ मध्ये स्थापन झालेली अटलबिहारी वाजपेयी भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था आहे. तेथे आणि माधवराव शिंदे यांच्या नावाने १९५७ पासून चालत आलेल्या अभियांत्रिकी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी शून्य आणि एक या दोन अंकांवर चालणाऱ्या सर्किटांची रचना शिकतात. ही रचना आता कागदावर आकृत्या काढून होत नाही. ती लिहिली जाते. त्यासाठी खास भाषा आहेत, त्यांचे व्याकरण आहे, त्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण आवृत्त्या आहेत. भारतात चिपच्या कारखान्यांविषयी बरेच बोलले व लिहिले जाते. त्या कारखान्यात जे घडवायचे ते ज्या भाषांत लिहिले जाते, त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

संगणकाच्या बहुतेक भाषा सर्वसाधारण कामांसाठी असतात. सी, जावा किंवा पायथन यांत बँकेचे हिशेब लिहिता येतात आणि खेळही लिहिता येतो. काही भाषा मात्र एकाच क्षेत्रासाठी बेतलेल्या असतात. हार्डवेअर वर्णन भाषा या त्यांपैकी. व्हेरिलॉग, व्हीएचडीएल आणि सिस्टिमव्हेरिलॉग ही त्यांतील सर्वाधिक वापरातील नावे. दिसायला त्या सी किंवा एडा या भाषांसारख्या वाटतात, आणि नवशिक्याची पहिली फसगत येथेच होते. सी भाषेतील आज्ञावली म्हणजे क्रमाने पाळावयाच्या सूचना. व्हेरिलॉगमधील मजकूर हे एका वस्तूचे वर्णन असते. त्या वस्तूतील हजारो, लाखो भाग एकाच वेळी जिवंत असतात आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला सारे एकदम हलतात.

हा फरक समजून घेण्यासाठी फुगडीचे उदाहरण पुरेसे आहे. दोघींनी हात धरून गिरकी घेतली की एकीची जागा दुसरीला आणि दुसरीची पहिलीला एकाच क्षणी मिळते. सी भाषेत दोन चलांच्या किमतींची अशी अदलाबदल करायची तर तिसरे रिकामे भांडे लागते. आधी एक किंमत तेथे ठेवायची, मग दुसरी हलवायची. व्हेरिलॉगमध्ये त्यासाठी वेगळे देणे-चिन्ह आहे. त्याने लिहिलेल्या दोन ओळी ठोक्याच्या आधीच्या किमती वाचतात आणि ठोक्याबरोबर एकत्र बदलतात. त्याऐवजी चुकून साधे ‘बरोबर’चे चिन्ह वापरले, तर दोन्ही रजिस्टरांत एकच किंमत जाऊन बसते. भाषा तक्रार करीत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

आकृतीकडून लिपीकडे

१९७१ मध्ये आलेल्या इंटेल ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याची आकृती माणसांनी हाताने काढली आणि तिच्यावरून मास्क तयार केले. २०२० मधील ॲपलच्या एम१ चिपमध्ये ट्रान्झिस्टरांची संख्या १,६०० कोटी आहे. इतकी रेखाकृती काढणे तर दूरच, ती नजरेखालून घालणेही कोणा माणसाला शक्य नाही. १९८० च्या दशकात आकृतीची जागा मजकुराने घेतली ती या निकडीतून.

व्हीएचडीएलचा उगम अमेरिकी संरक्षण खात्यात आहे. अतिवेगवान सर्किटांसाठी त्या खात्याने १९८० मध्ये एक कार्यक्रम हाती घेतला होता. वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येणाऱ्या चिपांचे वर्णन एकसारखे, दशकांनंतरही वाचता येईल असे असावे, ही त्यामागील गरज. १९८३ मध्ये इंटरमेट्रिक्स, आयबीएम आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांना भाषेचे काम देण्यात आले आणि १९८७ मध्ये आयईईई १०७६ या क्रमांकाने तिचे प्रमाणीकरण झाले. एडा या संरक्षण खात्याच्याच भाषेचा शिस्तप्रिय स्वभाव तिच्यात पूर्ण उतरला आहे.

व्हेरिलॉगचा जन्म खासगी कंपनीत झाला, आणि त्या कथेत एक भारतीय नाव आहे. आयआयटी कानपूरचे पदवीधर प्रभू गोयल यांनी आयबीएममध्ये असताना चिपचाचणीसाठी ‘पोडेम’ ही प्रसिद्ध पद्धत शोधली होती. पुढे त्यांनी गेटवे डिझाईन ऑटोमेशन ही कंपनी काढली. तेथे १९८३-८४ च्या सुमारास फिल मूरबी यांनी व्हेरिलॉगची रचना केली. ‘व्हेरिफिकेशन’ आणि ‘लॉजिक’ या दोन शब्दांतून तिचे नाव घडले आहे. म्हणजे पडताळणी हा शब्द भाषेच्या नावातच आहे. १९८९ मध्ये कॅडेन्स कंपनीने गेटवे विकत घेण्याचे ठरविले आणि लगोलग भाषा सर्वांसाठी खुली केली. व्हीएचडीएलच्या स्पर्धेत मालकीची भाषा टिकणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. १९९५ मध्ये व्हेरिलॉगही आयईईईचे प्रमाण ठरली.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. या दोन्ही भाषा प्रथमतः सर्किटाचे वागणे संगणकावर पाहण्यासाठी, म्हणजे सिम्युलेशनसाठी, जन्मल्या. मजकुरावरून थेट सर्किट तयार करणारी सिंथेसिसची साधने नंतर आली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या सिनॉप्सिसने ती रूढ केली. परिणाम असा की, भाषेतील सगळ्याच वाक्यांना सिलिकॉनमध्ये अर्थ नाही. ‘पाच नॅनोसेकंद थांब’ असे व्हेरिलॉगमध्ये लिहिता येते आणि सिम्युलेटर ते पाळतोही, पण सिंथेसिस त्याकडे दुर्लक्ष करते. प्रत्येक रचनाकाराला भाषेच्या आत दडलेली ही दुसरी, लहान भाषा वेगळी शिकावी लागते.

आणखी एक वैशिष्ट्य असे की, व्हेरिलॉगमधील तारेवर शून्य आणि एक याव्यतिरिक्त दोन अवस्था असू शकतात. ‘झेड’ म्हणजे तार कोणीच चालवीत नाही, ती मोकळी आहे. ‘एक्स’ म्हणजे किंमत ठाऊक नाही. वीज सुरू होताच रजिस्टरात काय असेल हे सांगता येत नसते, म्हणून सिम्युलेटर तेथे ‘एक्स’ धरतो. त्या ‘एक्स’ला कशाबरोबर मिळविले, तर उत्तरही बहुधा ‘एक्स’च येते. व्हीएचडीएलमध्ये प्रचलित असलेल्या प्रकारात तर अशा नऊ अवस्था आहेत. आपले अज्ञान स्वतंत्र चिन्हाने लिहून ठेवण्याची ही सोय रोजच्या वापरातील सर्वसाधारण भाषांत सहसा नसते.

बागेचे क्षेत्रफळ

आता ग्वाल्हेरच्या बागेकडे परत येऊ. लांबी आणि रुंदी दिल्यावर क्षेत्रफळ काढणारे छोटे सर्किट लिहायचे आहे असे समजा. १८७ ही संख्या द्विमान पद्धतीत १०१११०११ अशी लिहिली जाते. तिला आठ बिट पुरतात. २७० म्हणजे १०००१०१११० नव्हे, तर १००००१११० : नऊ बिट. (एका शून्याने संख्या कुठल्या कुठे जाते, हे लिहिणाऱ्याला आणि मुद्रितशोधकाला दोघांनाही ठाऊक असते.) गुणाकार ५०,४९०. आठ आणि नऊ बिटांच्या कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार सतरा बिटांत मावतो.

रचनाकाराने घाईत लांबीच्या वाटेलाही आठच बिट दिले, तर काय होईल? आठ बिटांत २५५ पर्यंतच्याच संख्या बसतात. २७० मधील सर्वांत वरचा बिट, म्हणजे २५६, गळून पडेल आणि १४ उरतील. सर्किट १८७ गुणिले १४ करील आणि २,६१८ हे उत्तर देईल. व्हेरिलॉग अशी काटछाट चालवून घेते; साधने फार तर एक सूचना दाखवितात, आणि मोठ्या प्रकल्पात अशा सूचना हजारोंनी येतात. व्हीएचडीएल मात्र दोन बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून काम तेथेच थांबविते. व्हीएचडीएलमध्ये लिहिणे कंटाळवाणे आहे, व्हेरिलॉगमध्ये लिहिणे झटपट आहे, असे अभियंते म्हणतात ते खरेच. तो कंटाळा कशासाठी सोसायचा, याचे उत्तर या एका बिटात आहे.

यातील खरा धोका निराळाच आहे. हे सदोष सर्किट बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते. चाचणी घेणाऱ्याने १० गुणिले २०, १०० गुणिले ५०, २०० गुणिले १५० अशी सहज सुचणारी उदाहरणे दिली, तर प्रत्येक उत्तर अचूक येईल. लांबी २५५ च्या पुढे जाईपर्यंत दोष दिसणारच नाही. सॉफ्टवेअरमध्ये असा दोष राहिला तर सुधारित आवृत्ती पाठविता येते. एफपीजीए नावाच्या, पुन्हा पुन्हा जुळविता येणाऱ्या चिपवरही दुरुस्ती शक्य असते. कायमस्वरूपी घडविलेल्या चिपचे मात्र तसे नाही. तिचे मास्क एकदा कारखान्यात गेले की ते शिलालेखासारखेच. दुरुस्ती म्हणजे नवे मास्क, नवा खर्च आणि गेलेले महिने.

या जातीच्या दोषाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९४ मधील आहे. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकावर भागाकाराची चुकीची उत्तरे मिळाली. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८२ असे यावयास हवे, पेंटियम १.३३३७४ देत असे. भागाकाराच्या पद्धतीसाठी चिपमध्ये २,०४८ घरांचे कोष्टक होते. त्यातील १,०६६ घरांत किमती हव्या होत्या. पाच घरे रिकामी राहिली. बहुतेक सर्व भागाकार त्या पाच घरांना न शिवताच पूर्ण होत. इंटेलला अखेर चिप बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरांचा बोजा हिशेबात दाखवावा लागला.

शंका घेण्यासाठी भाषा

बागेच्या सर्किटाची पूर्ण तपासणी सोपी आहे. आठ आणि नऊ मिळून सतरा बिट. म्हणजे १,३१,०७२ जोड्या. साधा संगणकही त्या भराभर तपासतो. पण आजच्या प्रक्रियकांत ६४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमीचाच आहे. तेथे जोड्यांची संख्या ३९ अंकी होते. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कित्येक हजार कोटी पट वेळ लागेल. सगळे तपासून पाहणे हा मार्गच बंद होतो. मग काय तपासायचे आणि किती तपासले म्हणजे पुरे, हा प्रश्न उरतो. पडताळणीच्या भाषा या प्रश्नातून निर्माण झाल्या.

१९९० च्या दशकात दोन भाषांनी दिशा दाखविली. इस्रायलमध्ये योआव्ह हॉलंडर यांनी ‘ई’ ही भाषा घडविली. तिची कंपनी व्हेरिसिटी. दुसरी ‘व्हेरा’, जी पुढे सिनॉप्सिसकडे आली. दोहोंतील मध्यवर्ती कल्पना एकच होती : उदाहरणे माणसाने लिहू नयेत, अटी लिहाव्यात. ‘लांबी १ ते ५११, रुंदी १ ते २५५, आणि लांबी रुंदीपेक्षा कमी नसावी’ एवढे सांगितले की त्या अटींत बसणाऱ्या यादृच्छिक जोड्या यंत्र स्वतःच काढते. माणसाच्या मनातील सवयी यंत्राला नसतात; त्याला १० आणि १०० हे आकडे विशेष प्रिय नसतात.

यादृच्छिकतेवर सोडून दिले तर काय तपासले गेले हे कसे कळणार? त्यासाठी ‘कव्हरेज’ची नोंद भाषेतच ठेवता येते. २५५ पर्यंतच्या लांबीचा एक कप्पा, त्यापुढील लांबीचा दुसरा. रात्रभर चाचण्या झाल्यावर दुसरा कप्पा रिकामा दिसला, तर आपले परीक्षण अपुरे आहे हे सकाळी कळते. ही नोंद रचना बरोबर आहे असे कधीच सांगत नाही. कोठे पाहिलेच नाही एवढे ती सांगते, आणि पडताळणीच्या कामात त्याचे मोल फार आहे.

तिसरा प्रकार विधानांचा. ‘मागणी आली की तीन ठोक्यांच्या आत उत्तर आलेच पाहिजे’, ‘दोघांना एकाच वेळी परवानगी कधीही मिळता कामा नये’ अशी वाक्ये नेमकेपणाने लिहिण्यासाठी काळाचे तर्कशास्त्र लागते. ‘कधीतरी’, ‘नेहमी’, ‘तोपर्यंत’ या शब्दांना गणिती अर्थ देणाऱ्या त्या शास्त्राचा संगणकाशी संबंध अमीर पनुएली यांनी १९७७ मध्ये जोडला. १९९६ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आयबीएमच्या हैफा येथील प्रयोगशाळेतील ‘शुगर’ या भाषेतून पुढे पीएसएल ही प्रमाण भाषा निघाली. अशा विधानांचा फायदा दुहेरी आहे. सिम्युलेशन चालू असताना ती पहाऱ्यावर राहतात. आणि गणिती पडताळणीची साधने ती सिद्धच करून पाहतात. सिद्धता मिळाली तर कोट्यवधी उदाहरणांची गरज राहत नाही, न मिळाली तर विधान मोडणारे नेमके उदाहरण हाती येते. पेंटियमच्या प्रकरणानंतर एएमडीने आपल्या के५ प्रक्रियकाच्या भागाकाराची पद्धत एसीएल२ या तर्कसाधनाने सिद्ध करून घेतली होती.

हे सर्व प्रवाह सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये एकत्र आले. सुपरलॉग या भाषेतून रचनेचा भाग, व्हेरातून पडताळणीचा, शिवाय विधानांची उपभाषा असे मिळून २००५ मध्ये आयईईई १८०० हे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये मूळ व्हेरिलॉगही त्यात विलीन करण्यात आले. तिच्यावर उभी राहिलेली यूव्हीएम ही पडताळणीची पद्धती २०११ पासून रूढ झाली. या एकत्रीकरणाची किंमत मात्र भाषेने मोजली आहे. तिचे प्रमाणपुस्तक हजाराहून अधिक पानांचे आहे, आणि रचना लिहिणारा व तपासणारा अभियंता हे एकाच भाषेच्या दोन वेगवेगळ्या बोली बोलतात.

भारतीय प्रयोग

व्हेरिलॉगमधील चुकांना वाव देणारी ढिलाई भाषेच्या पातळीवरच का काढून टाकू नये, असा विचार करणाऱ्यांत एमआयटीचे प्रा. अरविंद अग्रभागी होते. तेही आयआयटी कानपूरचेच. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संशोधनातून आणि ऋषियूर निखिल यांच्या कामातून ‘ब्लूस्पेक’ ही भाषा साकारली. तिच्यात रचनाकार नियम लिहितो : अमुक स्थिती असेल तर अमुक बदल घडावा, आणि तो पूर्ण घडावा किंवा मुळीच घडू नये. एकाच विहिरीवर दोन रहाट असतील तर कोणता कधी चालवायचा, याचा ताळमेळ कंपायलर बसवितो. व्हेरिलॉगमध्ये तो माणसाने डोक्यात ठेवावा लागतो आणि तेथेच घोटाळे होतात. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने ‘शक्ती’ हे प्रक्रियक याच भाषेत लिहिले. २०१८ मध्ये त्यांची एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात आणि दुसरी भारतातील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. २०२० मध्ये ब्लूस्पेकचा कंपायलरही मुक्त करण्यात आला.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण पवईचे आहे. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचीच साधने घडविली. सी भाषेतील आज्ञावलीपासून सर्किटापर्यंत जाण्याच्या वाटेवर एक मधली पायरी असावी, तिच्यात नियंत्रण, गणन आणि साठवण हे तीन भाग वेगळे मांडावेत, अशी ‘अहिर’ नावाची मांडणी त्यांनी २००७ मध्ये शोधनिबंधातून पुढे ठेवली. पुढे तिच्या जोडीला ‘एए’ ही भाषा आली. तिच्यात समांतर चालणारे खंड आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या यांच्या साहाय्याने अल्गोरिदम लिहायचा. साधने त्याचे व्हीएचडीएल तयार करतात. ‘अजित’ हा प्रक्रियक याच मार्गाने लिहिला गेला. स्पार्क व्ही८ या खुल्या आज्ञासंचावर बेतलेली ही चिप सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या मोहाली येथील कारखान्यात १८० नॅनोमीटर तंत्राने घडविली गेली आणि २०१९ मध्ये तिची वार्ता सर्वत्र आली.

अजितची वृत्ते त्या वेळी ‘पहिला स्वदेशी प्रक्रियक’ अशा मथळ्यांखाली छापली गेली. त्या मथळ्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्यांत बहुधा आली नाही : चिपबरोबर तिची भाषा आणि कंपायलरही येथेच घडले होते. बाजाराचा विचार करता स्पार्कची निवड दुर्दैवी ठरली, असे आता म्हणता येते. जगाचा ओढा २०१० मध्ये बर्कलेत सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हकडे वळला, आणि स्पार्कची वारसदार असलेल्या ओरॅकलने २०१७ मध्येच त्या विभागात मोठी कपात केली होती. त्याने अजितमागील भाषेच्या कामाचे मोल कमी होत नाही. आज्ञासंच बदलला तरी ती साधने उपयोगी पडतात.

भाषा खुली असणे आणि तिची साधने खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टिमव्हेरिलॉगचे प्रमाण कोणीही वाचू शकतो. पण मोठी चिप प्रत्यक्ष कारखान्यापर्यंत नेणारी साधने मुख्यतः सिनॉप्सिस, कॅडेन्स आणि सीमेन्स ईडीए या तीन कंपन्यांकडे आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेने या साधनांच्या चीनला होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि जुलैमध्ये ते उठविले. त्या काही आठवड्यांत भाषेचे व्याकरण कोणी हिरावून घेतले नव्हते. कंपायलर मात्र हिरावला जाऊ शकतो, हे दिसून आले. भारतात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र उघडले तेव्हापासून चिपरचनेचे काम चालू आहे आणि जगातील सुमारे २० टक्के चिपरचनाकार भारतात असल्याचे केंद्र सरकार वारंवार सांगते. २०२१ अखेरीस मंजूर झालेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात कारखान्यांचा वाटा मोठा आहे. ‘चिप्स टु स्टार्टअप’ या योजनेतून ८५,००० अभियंते घडविण्याचे उद्दिष्ट असून, महागडी साधने बेंगळुरूच्या सी-डॅकमधील ‘चिपइन’ केंद्रामार्फत महाविद्यालयांना एकत्रितपणे पुरविली जातात. ही व्यवस्था चांगलीच आहे, पण ती परवान्यांची व्यवस्था आहे. अहिरसारख्या प्रयत्नांना लागणारा पैसा त्या मानाने नगण्य असतो, आणि लागणारा धीर पुष्कळ.

अभ्यासक्रमांतही एक जुनी उणीव आहे. गणक, बेरीजयंत्र, वाहतूक-दिव्यांचे नियंत्रक असे नमुने व्हेरिलॉगमध्ये लिहून घेणे बहुतेक ठिकाणी होते. ते तपासायचे कसे, यावर मात्र एखाद-दुसरे व्याख्यान होते. चिप-उद्योगात मनुष्यबळाचा मोठा भाग पडताळणीवर खर्च होतो. ग्वाल्हेरला असो वा फर्मागुडी, कुंकळ्ळी, झुआरीनगर येथे असो, इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला पहिली नोकरी चिप लिहिण्यापेक्षा ती तपासण्याची मिळण्याचीच शक्यता अधिक.

हे शिकण्यासाठी आज परवाना अडसर ठरत नाही. आयकॅरस व्हेरिलॉग, व्हेरिलेटर, जीएचडीएल आणि योसिस ही साधने विनामूल्य आहेत. ‘कोकोटीबी’च्या साहाय्याने चाचण्या पायथनमध्ये लिहिता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ईसिम’ हे सर्किटरचनेचे मुक्त साधन तयार केले आहे, आणि तेथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. मोठी चिप त्यांवर कारखान्यापर्यंत नेणे कठीण असले, तरी पडताळणीचे मूळ तत्त्व समजण्यासाठी ती पुरेशी आहेत.

बागेचे सर्किट मुद्दाम आठच बिटांची लांबी देऊन लिहावे, शेजारी बरोबर गुणाकार करणारा तपासनीस ठेवावा आणि सर्व १,३१,०७२ जोड्या त्यातून काढाव्यात. लांबी २५५ असेपर्यंत एकही तक्रार येणार नाही. त्यानंतर रुंदी शून्य असलेल्या जोड्या वगळता प्रत्येक जोडी चुकेल. एकूण ६५,२८० चुका पडद्यावर उतरतील. रुंदी एकपासून चढत्या क्रमाने घेतली, तर त्यांतील पहिली ओळ असेल : लांबी २५६, रुंदी १, अपेक्षित २५६, मिळाले ०.